हाफ तिकीट एकटं चढणार नाही

आमच्या घरमालकांच्या घरात स्वयंपाकघर नव्हतं, डेपो होता. न्हाणीघराला ते प्रकाशा म्हणत, कारण तापीकाठच्या त्या तीर्थावर माणसं आंघोळीलाच जातात. गच्चीचा जिना उभा आणि वळणावळणाचा, म्हणून गच्ची म्हणजे घाटावरचं तोरणमाळ. आणि पुढचा ओटा, जिथं भाजीवाल्या टोपली उतरवून बसत आणि येणारा-जाणारा दोन घटका टेकून गावभरच्या गप्पा मारून जाई, तो बाजाराचा खांडबारा. बँकेतली बदली होऊन मी नंदुरबारला आलो आणि खोली बघायला गेलो, तेव्हा हे गृहस्थ दारातच उभे होते. मला नखशिखांत न्याहाळून त्यांनी विचारलं, "एकटेच? सामान?" मी म्हटलं, "एक बॅग, एक गादी." तर म्हणाले, "चढा. दारात उभं राहू नका, पुढे सरका."

सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा. शाळेचे नव्हेत, एसटीचे. सातपुड्याच्या घाटातल्या गाड्यांवर त्यांनी उभी हयात कंडक्टरकी केली होती. महामंडळानं त्यांना रीतसर हार-नारळ देऊन निवृत्त केलं होतं, पण ते स्वतः काही गाडीतून उतरले नव्हते. ओट्यावरही पाय फाकवून, एक बाजू खांबाला टेकवून उभे राहायचे, जमीन कधी वळण घेईल याचा नेम नाही म्हणून. चहा बशीत ओतून एका दमात संपवायचे. लग्नाच्या पंगतीत यजमानांनी न सांगता शिरायचे आणि पाहुण्यांना दाटीवाटीनं बसवायचे. मागं तोंड करून बसलं की त्यांना गरगरायचं, मग ती खुर्ची अंगणात का असेना.

ओट्याच्या खांबाला एक पितळी घंटा होती आणि तिची दोरी थेट डेपोत, म्हणजे स्वयंपाकघरात, गेलेली. ती माईंच्या हातात. माई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. एक टोल पडला की मास्तरांनी बोलणं थांबवून आत जायचं. दोन टोल म्हणजे डबल बेल, गाडी सोडायची खूण. त्याचा अर्थ असा की आलेल्या पाहुण्यानं आता निघावं. मला माईंची डबल बेल पुष्कळदा मिळाली आहे.

त्यांच्या भाषाही दोन. ड्युटीवर असल्यासारखे बोलत तेव्हा शुद्ध मराठी, एरवी अहिराणी. "कृपया सुटे द्या" हे ते भाजीवालीलासुद्धा शुद्ध म्हणायचे आणि लगेच पुढं, "माय, भेंडी निबर शे का वं?" त्यांच्या तोंडची भाषा बदलली की आपण समजायचं, मास्तर ड्युटीवरून उतरले.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं, पण त्याहून जास्त काही नाही. मे महिना आला तेव्हा कळलं, की या माणसाची खरी गाडी अजून मी पाहिलेलीच नव्हती.

शाळांना सुट्ट्या लागल्या की मास्तर रोज संध्याकाळी, ऊन जरा कललं की, ओट्यावरून एक गाडी सोडायचे. गाडी म्हणजे माणसांची दोन रांगांतली ओळ. भाडेकरू, शेजारीपाजारी, त्यांची पोरंबाळं. पुढं कोणी एक बाप ड्रायव्हर म्हणून, मागं मास्तर, आणि दोन्ही टोकांना बांधलेली एक लांब दोरी, तिच्यावर बैलाच्या गळ्यातली घंटी. डबल बेल झाली की गाडी चालू लागायची. गावाबाहेरची मिरच्या वाळत घालायची पथारी, रेल्वे फाटक, बर्फाचा कारखाना, कुंभाराची भट्टी, असे तिचे मार्ग. कुठंही पैसे पडत नसत. खिशात हात घातलेला मास्तरांना चालत नसे. समोरच्या किराणा दुकानदाराची सून, जिला आम्ही भाभी म्हणायचो, ती पहिल्या दिवशी मुलांना कुल्फी घेऊ लागली, तर मास्तरांनी सिंगल बेल देऊन अख्खी गाडी थांबवली होती म्हणे.

गाडीचे नियम दोनच. पहिला, हाफ तिकीट एकटं चढणार नाही. मुलाबरोबर आईबापांपैकी एक फुल तिकीट हवंच. "मी काही बालवाडी चालवत नाही," असं ते स्पष्ट सांगायचे. पोरांना त्यांच्याबरोबर पाठवून घरी पंख्याखाली पडू बघणारे बाप त्यामुळं चडफडत चपला घालायचे.

दुसरा नियम तिकिटाचा. तिकीट म्हणजे एक प्रश्न. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही आणि जे मनापासून जाणून घ्यावंसं वाटतं, असा. प्रश्न पटला की मास्तर परसातल्या खाकऱ्याचं, म्हणजे पळसाचं, एक पान घ्यायचे आणि भंगारातून मिळवलेल्या जुन्या पंचनं त्याला भोक पाडून हातात द्यायचे. वाटेत जो भेटेल त्याला प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं की तिकीट संपलं, दुसऱ्या दिवशी नवं काढा. नाही मिळालं तर तेच तिकीट पुढं चालू. फोनमध्ये बघणं हा विनातिकीट प्रवास.

पोरांना काय, प्रश्नांचा तोटा नव्हता. मालगाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड दिवसभर कुणाशी बोलतो? मुंगी चुकून दुसऱ्यांच्या वारुळात शिरली तर तिला ओळखतात का? मिरची उन्हात वाळून लाल होते, मग आपण का काळे होतो? भाभीच्या मुलानं बर्फाच्या कारखान्यात विचारलं होतं, की लादी कडेला काचेसारखी आणि मधेच पांढरी का? कारखान्यातला माणूस डोकं खाजवून म्हणाला, "पहिल्यापासून तशीच निघते." त्यानं सगळ्यांच्या तळहातावर बर्फाचा एकेक खडा ठेवला आणि मास्तर खुशीत म्हणाले, "उत्तर नाही. तिकीट चालू."

खरी अडचण मोठ्यांची. आम्ही जे विचारायचो ते वर्तमानपत्रातलं असायचं. मास्तर पान हातात घेऊन विचारायचे, "तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय?" आणि माणूस गप्प व्हायचा. भाभीचा नवरा एकदाच आला. त्यानं खूप विचार करून विचारलं, "लोक दुकानात येतात, अर्धा तास सगळं बघतात आणि काहीच न घेता जातात, ते कशासाठी येतात?" मास्तरांनी ताडकन भोक पाडलं. ते पान त्यानं गल्ल्यापाशी लावून ठेवलं होतं.

आता मास्तरांचे गुडघे गेले आहेत. मध्यंतरी फोन केला तेव्हा कळलं, की गाडी अजून निघते, मास्तर ओट्यावर खुर्चीत बसून डबल बेल देतात, आणि परत आल्यावर प्रत्येकानं काय पाहिलं ते त्यांना सांगावं लागतं. खुर्ची अर्थात पुढं तोंड करून.

पण मला सांगायचा आहे तो माझ्या मुलीचा मे महिना. मी आणि तिची आई वेगळे राहतो. भांडण वगैरे आता काही नाही, पण नाशिकला त्या दोघींचं घर आहे आणि मी जिथं बदली होईल तिथं. तोवर मुलगी मला भेटायची ती हॉटेलात, दुपारी, कपडे चुरगळू न देता. त्या वर्षी ती चौथीतून पाचवीत गेली होती. तिची आई म्हणाली, "सुट्टीत एकदा पाठवून बघते. पण तिला नको वाटलं तर त्याच दिवशी आणून सोडायचं, आणि पुन्हा आग्रह धरायचा नाही." मी कबूल झालो. नाही म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं.

मी तयारी मोठी केली होती. नवी चादर, कूलर, सुरतेला नेण्याचा बेत. ती आली, कूलरसमोर बसली, आणि मला "तुम्ही" म्हणत राहिली. आईशी फोनवर मात्र "अगं तू ऐक ना". सुरतेला जायचं का विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला जायचं असेल तर जाऊ." दुसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून अर्धी रजा टाकून आलो, तर तिनं बॅग भरून दाराशी ठेवलेली. "उद्या सोडाल का मला?" रागानं नाही, अगदी नीट विचारलं. मला रडूच यायला लागलं होतं, म्हणून मी उगाच माठातलं पाणी प्यायला गेलो.

संध्याकाळी ओट्यावर गाडी लागली. मास्तर आमच्या दाराशी आले. "हाफ एक, फुल एक. चला."

मी म्हटलं, "मास्तर, आज नको. ती उद्या जाणार आहे."

"उद्याची गाडी उद्या. आजची लागली आहे."

मुलगी काय समजली कोण जाणे, चप्पल घालून बाहेर आली. बहुधा घरात माझ्यासमोर बसण्यापेक्षा ते बरं वाटलं असेल. मास्तरांनी तिला तिकीट विचारलं. ती सरळ त्यांच्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात ना? मग अजून गाडी का चालवता?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पानाला भोक पाडलं आणि म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिकीट मंजूर." मग माझ्याकडं वळले. मी दोन-तीन प्रश्न टाकून पाहिले, उन्हाळ्याचे, पाण्याचे. सगळे नापास. गाडी खोळंबली. पोरं "चला ना" म्हणू लागली. भाभी पदराआडून हसत होती. मला राग आला, मास्तरांचा, उन्हाचा, सगळ्याचाच. आणि मी बोलून गेलो, "माझी मुलगी उद्या जाणार की राहणार? हे मला जाणून घ्यायचंय. आहे तुमच्याकडे उत्तर?"

मास्तरांनी एक मोठं पान निवडलं, सावकाश भोक पाडलं आणि माझ्या हातात दिलं. "उत्तर मिळेपर्यंत चालू," म्हणाले, आणि डबल बेल दिली.

त्या दिवशी आम्ही मिरचीच्या पथारीवर गेलो. हंगाम संपलेला, मैदान रिकामं, पण माती अजून लालसर, आणि गाडीतली निम्मी माणसं शिंकायला लागली. मुलगी शिंकत शिंकत माझ्या हातातल्या पानाकडं बघत होती. रात्री जेवताना ती म्हणाली, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं तर तुमचं तिकीट संपणार ना?" मी म्हटलं, हो. "मग उद्या तुम्हाला दुसरा प्रश्न सुचेल?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "नाही बुवा." ती जेवत राहिली. सकाळी बॅग दाराशीच होती, पण तिनं मला सोडायला सांगितलं नाही. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा तिनंच जाहीर केलं, "बाबांचं तिकीट चालू आहे. मी अजून सांगितलेलं नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. मी तिला काही विचारायचो नाही. इतकं जपून मी कधी काही सांभाळलं नसेल.

तिचा स्वतःचा प्रश्नही तसाच फिरत होता. तिनं तो फाटकवाल्याला विचारला, कुंभाराला विचारला, शेवटी एका सकाळी ओट्यावर मेथी निवडणाऱ्या माईंना विचारला. मी तिथंच दाढी करत होतो.

माईंनी मान वर केली नाही. "मे महिनामा याले कधी सुट्टी नही भेटनी, पोरी. हाऊ लोकेसना पोरेसले मामाना गावले पोचाडे, आनी आमनी पोर आठे ओटावर बशीसन यानी वाट देखे. एक डाव तिनी हट्ट धरा, तं तिले गाडीमा लई गया. एकलीच. आनी गाडीमा इतली गर्दी, का याले तिन्हा लगून जाताच नही उनं. तोरणमाळना घाटमा ती रडी रडीसन कोन्या बाईनी मांडीवर झोपी गई. बाप गाडीमाच व्हता, पन तिले तो दिखनाच नही." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "आते ती सुरतले शे. तिन्हा पोरेसले टाइम नही भेटत. मंग हाऊ आठे गाडी चालाडस."

"म्हणून हाफ तिकीट एकटं नाही?" मुलीनं विचारलं.

"हां," माई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुलीचं तिकीट संपलं. त्या संध्याकाळी तिनं नवं काढलं, मुंगीबद्दलच काहीतरी. पण मास्तरांकडं ती आता वेगळ्याच नजरेनं बघायची.

मग आली प्रकाशाची लांब पल्ल्याची गाडी. ओळखीचा एक टेम्पोवाला तापीकाठची टरबुजं आणायला रिकामाच निघाला होता. मास्तरांनी त्याला पटवलं, जाताना आम्हाला न्यायचं आणि येताना टरबुजांबरोबर परत आणायचं. सकाळी लवकर सगळे टेम्पोत, त्या दिवशी माईसुद्धा. मास्तर मागच्या फाळक्याशी उभे, घंटीची दोरी ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत ओढलेली. त्याला बजावलं होतं, सिंगलला थांब, डबलला नीघ, दुसरं काही ऐकू नकोस.

आता मास्तरांची एक खोड आम्ही लक्षात घ्यायला हवी होती. थांब्यावर गाडीची वाट बघत उभी असलेली माणसं त्यांना बघवत नसत. एका फाट्यावर निंबाखाली पाच-सहा जण उभे दिसले आणि सिंगल बेल पडली. मास्तर खाली उतरले, बाकीचे आपापले चढले, डोंगरातल्या एका म्हातारीला हात धरून चढवलं, तिच्या नातीला चढवलं, आणि रीतीप्रमाणं तिकीट मागितलं. म्हातारी आपल्या बोलीत काही बोलली. नातीनं मराठीत सांगितलं, "आजी विचारते, तुम्ही एवढे सगळे कोणाच्या लग्नाला चालले?" टेम्पोत हशा पिकला. मास्तरांनी तिला पान दिलं आणि तिचं खाली राहिलेलं गाठोडं आणायला परत उतरले. माझी मुलगी दोरीपाशी उभी होती. तिला वाटलं, झाले सगळे. तिनं डबल बेल दिली.

टेम्पो निघाला. आम्ही ओरडलो, पत्रा बडवला. ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावलेली, आणि त्याला बेलशिवाय काही ऐकायचं नव्हतं. सिंगल बेल द्यावी हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मागं रस्त्यात गाठोडं घेतलेले मास्तर लहान लहान होत गेले.

तापीचा पूल येईपर्यंत मुलगी पांढरीफटक पडली होती. प्रकाशाला उतरलो तशी ती माझ्या मागं लपली आणि माझा शर्ट मुठीत धरला. म्हणाली, "बाबा, मला वाटलं सगळे चढले. आता ते मला परत पाठवून देतील?"

लोक नदीकडं चालले होते, देवळातली घंटा वाजत होती, आणि मी त्या उन्हात उभा राहून अगदी वेड्यासारखा खूश झालो होतो. तिला परत जायचं नव्हतं. हे मी कोणाला सांगू शकत नव्हतो, तिलाही नाही, कारण मग माझं तिकीट संपलं असतं. मी नुसता तिच्या मुठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन कॅनच्या मधे, मांडीवर गाठोडं घेऊन मास्तर आले. तोंड लालबुंद. आधी म्हातारीला गाठोडं दिलं. मग आमच्यासमोर येऊन शुद्ध मराठीत विचारलं, "डबल बेल कोणी दिली?"

मुलगी पुढं आली, शर्ट न सोडता. "मी."

"डबल बेल झाली की गाडी निघते. ड्रायव्हरचं बरोबर. बेलचंही बरोबर. कंडक्टर खाली राहिला, ती कंडक्टरची चूक." एवढं बोलून ते थांबले, रुमालानं मान पुसली, आणि त्यांची भाषा बदलली. "पन पोरी, इतला सालमा मी बठ्ठा मुलूखले गाडीमा चढाव. आपले सोडीसन गाडी जास, ती मांगून कशी दिखस, हाई मी आज पहिला डाव देखं."

माई टेम्पोच्या सावलीत बसल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "मी आनी मन्ही पोर रोज देखूत."

मास्तर जाऊन माईंच्या शेजारी बसले, आणि गाडी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. परतताना दोरी त्यांनी माझ्या मुलीच्या हातात दिली आणि स्वतः माईंजवळ बसून आले. त्यांना गाडीत बसलेलं आम्ही कोणी आधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी सुरतेला फोन लावला. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण माईंनी बराच वेळ कुठलीच बेल दिली नाही.

मुलगी सुट्टी संपेपर्यंत राहिली. जायच्या दिवशी मी तिला नाशिकला पोचवायला निघालो, हाफ तिकीट एकटं चढत नाही म्हणून. मास्तर स्टँडवर आले. खऱ्या कंडक्टरला दोन सूचना केल्या, त्यानं त्या मुकाट ऐकल्या. मग खिडकीपाशी येऊन मला म्हणाले, "तुमचं तिकीट संपलं. राहिली की नाही, ते दिसलं. आता नवं काढा."

मला यावेळी शोधावं लागलं नाही. "पुढच्या सुट्टीत ही येईल का?"

मास्तरांनी पान पुढं धरलं, पंच तयार ठेवला आणि तिच्याकडं बघितलं. मीही बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले, मान हलवली, आणि शेवटी हसू आवरेना तेव्हा म्हणाली, "नाही सांगणार. सांगितलं तर बाबा, तुझं तिकीट संपेल."

मास्तरांनी भोक पाडलं. पान खिडकीतून माझ्या हातात आलं आणि त्याच वेळी खऱ्या कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी वळली तेव्हा मुलगी मागच्या काचेकडं धावली. मास्तर स्टँडच्या मधोमध उभे राहून, कपाळावर हात धरून, आमची गाडी मागून बघत होते.